वर्तुळातल्या माणसांचे वय

खेड्यावरून आलेल्या वृद्ध रुग्णाला वय विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘‘लिहा ना डॉक्टरसाहेब, साठ-सत्तर काहीतरी.’’ आम्ही केसपेपरवर ६५ लिहितो. तोच आकडा पुढे डिस्चार्ज कार्डावर जातो आणि खरा होऊन बसतो. नागपूरच्या जमिनीखाली झोपलेल्या माणसांच्या वयाचेही काहीसे असेच झाले आहे.

काटोल मार्गावर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी आहे. तिथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळे आहेत. मोठ्या दगडांचे कडे, आत गोटे आणि मातीचा भराव, खाली हाडे, मडकी, लोखंडी अवजारे. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्यावर लिहिले. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी खणले. माहुरझरीत माणसासोबत पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार सापडले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. या लोकांचा काळ ढोबळमानाने इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातला मानला जातो. ढोबळ, म्हणजे आमच्या ६५ सारखाच.

काळ ठरवण्याची मुख्य तपासणी म्हणजे कार्बन-१४. जिवंत असेपर्यंत झाड किंवा प्राणी हा किरणोत्सारी कार्बन हवेतून आणि अन्नातून घेत राहतो. मेल्यावर पुरवठा थांबतो आणि साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला साठा मोजला की मृत्यूचा काळ कळतो. पण कोणताही डॉक्टर सांगेल, यंत्र कितीही चांगले असले तरी रिपोर्ट नमुन्यापेक्षा चांगला येत नाही.

पहिली अडचण कोळशाची. सागाचे जुने खोड जाळले तर गाभ्यातला कोळसा झाड तोडल्याची तारीख सांगत नाही. तो भाग शंभर-दीडशे वर्षे आधीच वाढलेला असतो. मग दफन आहे त्यापेक्षा जुने दिसते. पॅसिफिक महासागरातल्या दूरच्या बेटांवर हेच झाले होते. २०११ मध्ये संशोधकांनी पूर्व पॉलिनेशियाच्या १,४०० हून अधिक कार्बन-तारखा पुन्हा तपासल्या आणि बिया, काटक्या अशा अल्पायुषी नमुन्यांवरच भर दिला. माणूस सोसायटी बेटांवर इ.स. १०२५ ते ११२० च्या दरम्यान आणि उरलेल्या बेटांवर ११९० ते १२९० च्या दरम्यान पोहोचला, असा निष्कर्ष निघाला. वस्तीचा इतिहास कित्येक शतकांनी अलीकडे आला. न्यूझीलंडमध्ये तर उंदरांनी कुरतडलेल्या बियांनी साक्ष दिली. उंदीर तिथे माणसाच्या होड्यांतूनच गेले होते.

दुसरी अडचण खास आपली आहे. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण नेहमी सारखे नव्हते, म्हणून प्रत्येक तारीख झाडांच्या वार्षिक कड्यांशी ताडून दुरुस्त करतात. नेमक्या इ.स.पूर्व ८०० ते ४०० या काळात हा दुरुस्तीचा आलेख जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांतला कुठलाही नमुना घ्या, उत्तर साधारण सारखेच येते. आणि आपल्या वर्तुळांचा मोठा भाग याच काळातला असावा असे दिसते. नायकुंडची भट्टी आठव्या शतकातली की पाचव्या, हा किरकोळ फरक नाही. लोखंड विदर्भाने स्वतः घडवले की बाहेरून शिकले, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

यावर उपाय आहेत. थरावर थर असलेले बरेच नमुने एकत्र मोजायचे. कड्या शाबूत असलेल्या लाकडाच्या लागोपाठच्या कड्या तपासायच्या. जळालेले धान्याचे दाणे वेगळे काढायचे. मडकी शेवटची केव्हा तापली, हे सांगणारी प्रकाश-मापनाची पद्धत वापरायची, तिला कार्बनचा आलेख लागत नाही. या सगळ्यांसाठी एकच गोष्ट हवी : न हललेली जमीन. बुलडोझर फिरलेल्या वर्तुळातून दगड मिळतील, दाणा मिळणार नाही.

जुनापाणीसारखी काही ठिकाणे केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. पण नागपूरभोवतीची अनेक वर्तुळे शेतांत, खदानींच्या काठावर आणि उद्याच्या लेआउटमध्ये आहेत. म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्तुळाची सातबाऱ्याच्या गट क्रमांकासह नोंद व्हावी. अकृषक परवानगी आणि खाणपट्टा देण्यापूर्वी ती यादी पाहणे बंधनकारक असावे. जिथे वर्तुळ हलवणे टळत नाही, तिथे आधी शास्त्रीय उत्खनन व्हावे, नमुने घेतले जावेत. त्याचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे फार नाही.

शवागारात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. ओळख पटेपर्यंत आणि नमुने घेईपर्यंत देह हलवायचा नाही. आपल्या सर्वांत जुन्या शेजाऱ्यांसाठी तेवढे तरी पाळू या.