हवेचं कनेक्शन

या शनिवारी खरं तर वेगळंच काहीतरी लिहायचं ठरवलं होतं. पण कालच मेढ्याहून परत आलोय आणि डोक्यातून आमच्या घरचं बाथरूम जात नाहीये. हसू नका मंडळी, विषय गंभीर आहे.

गेल्या दिवाळीत मी घरी गॅस गीझर बसवून दिला. मेढ्यात पाऊसही अंगावर येतो आणि थंडीही. आईनं पहाटे उठून परसदारी बंब पेटवायचा हे बघवत नव्हतं. सहा लिटरचा गीझर आणला. प्लंबरनं भिंतीला दोन भोकं पाडली, पाण्याचं कनेक्शन दिलं, गॅसचं कनेक्शन दिलं, अर्ध्या तासात काम फत्ते. आई खूश आणि मी तर तिच्यापेक्षा जास्त खूश. पोरगा पुण्यात कमावतो त्याचं काहीतरी दिसलं ना घरात!

मागच्या रविवारी ताई माहेरी आली होती. आई आणि अण्णांच्या पाठोपाठ ती आंघोळीला गेली, ती बाहेरच येईना. आईनं दार वाजवलं तर आतून नुसतं 'हूं'. कशीबशी कडी काढून ताई उंबऱ्यातच बसली. डोकं गच्च, मळमळ, पायात त्राण नाही. अण्णांनी कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. आकडा ९८! मग काय, निदान पक्कं. "काय न्हाय झालं. उपाशीपोटी गेली आंघुळीला, पित्त खवळलं आसंल." लिंबूसरबत पाजून तिला झोपवलं.

दुपारी फोनवर हे कळल्यावर मी विचारलं, "अण्णा, वरची झडपेची खिडकी उघडी होती ना?"

"थंडी किती पडलीया! पुठ्ठा ठोकलाय तिथं."

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ताईला साताऱ्याला न्या आणि डॉक्टरांना गीझरचं आवर्जून सांगा. तिला ऑक्सिजन लावला, आता ती बरी आहे. पण आठवडाभर मी एकच गणित मांडतोय.

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालवला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. आमचं बाथरूम पाच बाय चार फूट, उंची आठ फूट, म्हणजे जेमतेम साडेचार घनमीटर. दार बंद, खिडकीला पुठ्ठा. अर्ध्या तासात त्या खोलीतली सगळी हवा एकटा गीझर संपवेल! पण ज्योत तोवर थांबत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. एकामागून एक तिघांच्या आंघोळी, आणि ताई तिसरी.

या वायूला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, जळून झालेल्या धुराला तो नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आणि साधा ऑक्सिमीटर या दोघांतला फरक ओळखू शकत नाही, म्हणून ९८! आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कोसळतोय आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार.

हे एकट्या मेढ्याचं नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि नंतर गेली. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरच्या एका जोडप्याचे मृतदेह बाथरूममध्ये मिळाले, तिथेही संशय गीझरवरच होता. आपण दोन दिवस हळहळतो, व्हॉट्सॲपवर बातमी पुढे ढकलतो आणि आंघोळीला जातो.

मला राग येतो तो स्वतःचा. आजीचा बंब आम्हाला गावठी वाटायचा. पण त्या बंबाच्या मधोमध धूर वर जायला नळकांडं होतं, आणि तो ठेवायची जागा म्हणजे मोकळं परसदार. शिवाय धूर झाला की डोळे चुरचुरायचे, म्हणजे एरर मेसेज लगेच मिळायचा. गॅसची ज्योत निळी आणि स्वच्छ दिसते, म्हणून ती आग आहे हेच आपण विसरलो आणि तिला कडी लावलेल्या खोलीत नेऊन टांगलं. गॅसचं कनेक्शन दिलं, पाण्याचं दिलं. हवेचं कनेक्शन कुणी द्यायचं?

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे न्हाणीघरात गॅसचं उपकरण लावायचंच असेल तर ते बंदिस्त ज्वलनाचं लागतं, म्हणजे हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं. आपल्याकडे प्लंबरला विचारलं तर म्हणाला, "दादा, समदे आतच लावत्यात."

काहीजण म्हणतील, एक्झॉस्ट फॅन लावा की. पण हवा आत यायला वाटच नसेल तर तो फॅन खेचणार काय? उलट गीझरला धुराची नळी असेल तर तिच्यातला धूरच परत आत ओढला जाईल. आपोआप बंद होणारा टायमर आहे म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे बॅकअप आहे म्हणून टेस्टिंग न करण्यासारखं.

काल आम्ही गीझर काढला आणि परसदारी पत्र्याखाली मोकळ्यावर लावला, खिडकीपासून लांब. आत आता फक्त गरम पाण्याची पाइप येते. अण्णा जरा कुरकुरले, "पाच फूट पाइप वाढली." वाढू दे म्हटलं. पुठ्ठा मी स्वतः उपसून फेकला.

तुमच्याकडे गीझर आत असेल तर आज रविवारची वाट बघू नका. बाहेर काढेपर्यंत निदान बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ सताड उघडं ठेवा आणि मगच आंघोळीला जा. आणि कुणाला आत चक्कर आली तर पित्त म्हणून झोपवू नका. मोकळ्या हवेत आणा, दवाखान्यात न्या, गीझरचं सांगा.

असो. ताईचा सकाळीच फोन आला होता. म्हणाली, "तुझं दिवाळीचं गिफ्ट जरा महागात पडलं असतं रे." ती हसली. मला अजून हसू येत नाहीये.