बोलपटाची शताब्दी कोणाची?

१४ मार्च २०३१ रोजी भारतीय बोलपटाला शंभर वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी २०३२ मध्ये, मराठी बोलपटाचीही शताब्दी भरेल. त्या दिवसांत काय काय घडेल याचे भाकीत करण्यास ज्योतिषाची गरज नाही. टपाल तिकिटे निघतील, मंत्र्यांची भाषणे होतील, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या जुन्या नटनट्यांच्या छायाचित्रांनी भरतील आणि गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही एखाद्या महाविद्यालयात हार-तुऱ्यांसह व्याख्यान होईल. सोहळ्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की शंभर वर्षे नेमकी कोणाची मोजली जाणार? कंपनीच्या मालकाची, नायक-नायिकेची, की ज्यांच्या हातांनी बोलपट उभा राहिला त्यांची?

हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असे विचारणारे कार्यकर्ते भेटतील. गोंदिया जिल्ह्यात धानाचा बोनस, तेंदूपत्त्याची मजुरी, विडी कामगारांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन असे पोटाचे प्रश्न उभे असताना सिनेमाचे कौतुक कशाला, हा त्यांचा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. वस्तुतः या आक्षेपातच मालकवर्गाचा एक मोठा विजय दडलेला आहे. सिनेमा म्हणजे श्रीमंतांची करमणूक, नट म्हणजे नखरेल माणूस आणि कला म्हणजे श्रमाच्या बाहेरची काही वस्तू, ही समजूत मालकांनीच रूढ केली. डाव्या चळवळीने ती बिनतक्रार उचलली, याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

बोलपट आला म्हणजे पडद्यावरची माणसे बोलू लागली, एवढेच सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने जे घडले ते असे की, चित्रपटाच्या धंद्यात स्थिर भांडवलाचे प्रमाण एकाएकी वाढले. मूकपट एका कॅमेऱ्यावर, उन्हाच्या प्रकाशात आणि कापडी पडद्यांच्या आडोशाने काढता येत असे. ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली, बंदिस्त स्टुडिओ आले, चित्रपटगृहांत ध्वनिक्षेपक बसवावे लागले. हे सारे कर्जाच्या पैशावर झाले आणि कर्जाचे व्याज ठरल्या तारखेस द्यावे लागते. यंत्र जितके महाग, तितकी ते चालवणाऱ्या माणसावर मालकाची पकड घट्ट, हा नियम कापडगिरणीत जसा खरा आहे तसाच स्टुडिओतही.

अमेरिकेत १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ झळकला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांच्या साथीला चित्रपटगृहात बसून वाजवणारे हजारो वादक बेकार झाले. त्यांच्या संघटनेने ‘डब्यातल्या संगीता’विरुद्ध जाहिराती देऊन मोहीम चालवली, ती फसली. याच १९२७ साली हॉलिवुडच्या मालकांनी ‘अकादमी’ नावाची संस्था स्थापन केली. आज ती सोनेरी बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या स्थापनेमागे लुई मेयर या स्टुडिओप्रमुखाचा एक हेतू असा होता की, नट, लेखक आणि तंत्रज्ञ यांनी स्वतंत्र संघटना बांधू नये. मालकांनी स्वतःच कामगारांची संघटना काढून द्यावी, ही युक्ती नागपूरच्या आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना नवी नव्हती. युक्ती सहा वर्षे चालली. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या तेव्हा स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्म्यापर्यंत पगारकपात जाहीर केली आणि ‘अकादमी’ने तिला मान्यता दिली. कालपर्यंत स्वतःला कलावंत म्हणवणाऱ्यांच्या ध्यानात तेव्हा आले की आपण पगारी नोकर आहोत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पटकथालेखकांची संघटना आणि जून अखेरीस नटांची संघटना उभी राहिली. १९३७ साली नटांच्या संघटनेस मालकांनी मान्यता दिली. चित्रपटाच्या आरंभी कोणाचे नाव लेखक म्हणून झळकावे, हे ठरवण्याचा अधिकार लेखकांच्या संघटनेने पुढे १९४०च्या दशकाच्या आरंभी करारातून मिळवला. म्हणजे पडद्यावरचे नाव ही मालकाने दिलेली शाबासकी राहिली नाही. मजुरीप्रमाणेच तो झगडून घेतलेला हक्क झाला. त्या नावावरच पुढच्या कामाचा भाव ठरतो, हे ज्यास उमगले नाही त्याला या झगड्याचा अर्थ कळणार नाही.

आता इकडे वळावे. इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी लागला. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई, म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर, पहाटेपर्यंत चाले. यंत्रासोबत विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याचा रोजचा शंभर रुपयांचा मेहनताना परवडेना, म्हणून अर्देशीर इराणी आणि रुस्तम भरुचा यांनी ती विद्या स्वतःच शिकून घेतली, अशी आठवण खुद्द इराणींनी सांगितलेली आहे. नायक मास्टर विठ्ठल हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मराठी गडी, मूकपटातील मर्दानी भूमिकांचा राजा. जुन्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला तेव्हा त्याची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली, हे सर्वत्र मोठ्या चवीने सांगितले जाते. त्यापुढचे कमी सांगितले जाते. उर्दू संवाद विठ्ठलच्या जिभेवर चढेनात, म्हणून त्याची भूमिका बरीचशी गुंगीत असलेल्या माणसाची करण्यात आली. यंत्राने वाणी आणली आणि त्याच यंत्राने एका कसबी कामगाराचे कसब एका रात्रीत स्वस्त केले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. रात्री-अपरात्री दिवे धरून उभे राहिलेल्यांची नावे तर त्या काळीही कोणी टिपून ठेवली नव्हती.

मराठीचा अभिमान ज्याच्यावर सर्वाधिक उभा आहे तो प्रभातचा इतिहास अधिक बोलका आहे. १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी निघाली ती पाच भागीदारांची: शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. कुलकर्णी सराफ, उरलेले चौघे हाताने काम करणारे कारागीर. दामले आणि फत्तेलाल पेंटरांच्या तालमीत रंग-ब्रश घेऊन वाढलेले. शांतारामांनी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केलेले. ‘अयोध्येचा राजा’मध्ये दामल्यांनी ध्वनी सांभाळला, फत्तेलालांनी कला, धायबरांनी कॅमेरा, गोविंदराव टेंबे नायकही होते आणि संगीतकारही, आणि दुर्गा खोटे तारामती. हिंदू आणि मुसलमान कारागिरांनी मिळून उभारलेल्या या उद्योगाचा अभिमान समाजवाद्यांनी बाळगावा, इतके ते चित्र सुंदर आहे. तथापि कारागीर भागीदार झाले आणि १९३३ साली कंपनी पुण्यास जाऊन तिचा पसारा वाढला, तेव्हा भागीदार एकीकडे आणि मासिक पगारावर राबणारे नट, सुतार, रंगारी, वादक, शिंपी दुसरीकडे, अशी रेघ पडलीच. येथे कोणाच्या सद्गुण-दुर्गुणांचा प्रश्न नाही. भांडवलाची रचनाच अशी की काल बरोबरीने रंग कालवणाऱ्यास ती आज मालक करून सोडते. ‘प्रभात हे कुटुंब होते’ हे वाक्य आठवणींच्या पुस्तकांतून हमखास भेटते. कुटुंबात हिशेब मागायचा नसतो, ही त्या वाक्याची दुसरी बाजू.

हिशेब मागितला तो एका बाईने. ‘कुंकू’तील नीरा म्हणून सगळ्या देशास ठाऊक झालेल्या शांता आपटे १९३९ साली करार आणि पगार यांच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसल्या. त्या काळी या घटनेची चर्चा झाली ती मुख्यतः नटीचा हट्ट म्हणून. जरठ नवऱ्याशी झालेले लग्न नाकारणारी नीरा पडद्यावर पाहून ज्या सुधारकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तीच स्त्री पडद्याबाहेर मालकाचा करार नाकारू लागली तेव्हा मात्र ती उद्धट वाटली! पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे छोटे पुस्तक लिहून या धंद्यातील पिळवणुकीचा आतून पंचनामा केला. चित्रपटातील श्रमाविषयी मराठीत लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या पुस्तकांत त्याचे स्थान वरचे आहे, आणि किती पक्षकार्यालयांच्या कपाटांत ते सापडेल, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

नाव पुसले जाण्याचा आणखी एक प्रकार आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग इतका तुकोबांच्या वळणाचा साधला की पुष्कळ लोक तो तुकारामांचाच मानून आजही भजनात म्हणतात. कवीला याहून मोठी दाद कोणती, असे म्हणून या गोष्टीचे कौतुक होते. दाद खरीच. परंतु रचना लोकांची झाली आणि रचनाकार विस्मृतीत गेला, यात फक्त धन्यता मानणे ही ज्यांचे पोट त्या रचनेवर नाही त्यांची चैन आहे.

गोंदियातील कार्यकर्त्यास हे परके वाटू नये. विडीच्या बंडलावर लेबल असते ते कारखानदाराच्या छापाचे. पान कापून, जर्दा भरून, दोरा बांधून हजार विड्या वळणाऱ्या बाईचे नाव त्यावर नसते, आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मात्र तिच्याच खाती कापली जाते. चित्रपटाची जाहिरात आणि विडीचे लेबल यांतील हे साम्य अलंकारिक नाही. कायद्याने ते मान्य केले होते. विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा १९७६ चा आणि सिने कामगारांचा १९८१ चा. दोहोंचा निधी मालावरील उपकरातून उभा राही आणि दोहोंचा कारभार केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या एकाच कल्याण विभागाकडे होता. १९८१ च्याच दुसऱ्या कायद्याने नट, वादक, नर्तक, कुशल-अकुशल मजूर, हमाल या साऱ्यांना ‘सिने कामगार’ या एका व्याख्येत बसवून लेखी करार सक्तीचा केला. हा कायदा यावयास ‘आलम आरा’नंतर पन्नास वर्षे लागली आणि मुंबईच्या सिने कर्मचाऱ्यांच्या महासंघास, १९५६ साली स्थापन झाल्यापासून, पंचवीस वर्षे झगडावे लागले. मिळालेले टिकवणेही जमले नाही. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत करसुधारणेच्या नावाखाली दोन्ही उपकर रद्द झाले. मुंबईचा प्रकाशयोजनेचा कामगार आणि गोंदियाची विडीवाली यांचा निधी असा जवळपास एकाच वेळी आटवला गेला. एकमेकांच्या बाजूने मोर्चा काढावा, असे मात्र दोघांच्याही पुढाऱ्यांना सुचले नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि सिने कामगारांचे जुने कायदे त्यांत विलीन झाले. नव्या व्याख्येत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ आला. दूरदर्शन मालिका, वेब मालिका, गायक, वृत्तनिवेदक यांनाही तीत जागा मिळाली. ही वाढ स्वागतार्ह आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण रंगमंच तीत नाही. येथे झाडीपट्टीचा प्रश्न येतो. धान कापून झाले की भाऊबीजेपासून मंडई भरू लागतात आणि अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीपासून वडसा-कुरखेड्यापर्यंत रात्रभर नाटके चालतात. गावचे मंडळ कंपनीशी सौदा करते, पत्रकावर बाहेरून आलेल्या पाहुण्या नटाचे किंवा नटीचे नाव ठळक छापले जाते, आणि पेटीवाला, तबलेवाला, पडदे ओढणारा, गाडी हाकणारा ही माणसे कागदावर येतच नाहीत. कॅमेऱ्यापुढे दोन वाक्ये बोलणारा कामगार ठरतो. हजारो गावकऱ्यांपुढे पहाटेपर्यंत घसा फोडून गाणारा मात्र ठरत नाही. २०२० साली महामारीत रंगमंच बंद झाले, तेव्हा या कलावंतांना मदत द्यावयाची तर कोणाला, हा प्रश्न सरकारने विचारला असता तरी उत्तरासाठी नोंदवही कुठे होती?

शहरातील चित्रपटरसिक म्हणतील की प्रभातच्या शताब्दीत हा दंडार-नाटकाचा विषय अप्रस्तुत आहे. तसे नाही. बोलपटाने जी नाटकमंडळी मोडली, त्यांच्याच गायक-वादकांवर आरंभीचा मराठी बोलपट उभा राहिला. दीनानाथ मंगेशकर चित्रपट काढून कर्जात बुडाले आणि बालगंधर्व प्रभातच्या एकाच चित्रपटानंतर रंगमंचाकडे परतले. पश्चिम महाराष्ट्रात जी मंडळ्यांची परंपरा बोलपटापुढे खचली, ती झाडीपट्टीत आजही तिकीट विकून जगते आहे. चित्रपट वितरकांच्या वहीत हा सारा मुलूख अजून ‘सी.पी. बेरार’ या खात्यावर मांडला जातो. तो प्रांत १९५६ साली विदर्भ वेगळा निघाल्यावर मोडला. वसुलीचे खाते तेवढे शिल्लक आहे. ज्या मुलखातून शंभर वर्षे तिकिटाचे पैसे मुंबईस गेले, त्याने शताब्दीच्या निमित्ताने एक हिशेब मागावा, यात अप्रस्तुत काय?

जिल्हा समितीने त्यासाठी २०३१ ची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या दिवाळीपूर्वी दोन कामे होऊ शकतात. राज्य शासनाकडे आणि जिल्ह्याच्या खासदारांकडे, रंगमंचावरील कामगारांस संहितेच्या व्याख्येत घेण्याची लेखी मागणी हे एक. दुसरे, मंडईत नाटके ठेवणाऱ्या मंडळांकडे कार्यकर्त्यांनी करारपत्राचा नमुना घेऊन जाणे. तो एका पानाचा असला तरी पुरे: नाव, काम, किती नाईट, दर नाईटची बिदागी, पाऊस आल्याने प्रयोग रद्द झाला तर किती मिळणार, आणि रात्रीच्या प्रवासात गाडीस अपघात झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण देणार.