कॅफे मारोंला कुंपण पुरे झालं, आता अंगण द्या

मा. मुख्य आयुक्त आणि सदस्य,
रॉड्रिग्स प्रादेशिक विधानसभा, पोर्ट माथुरिन



मस्करीन बेटांपैकी आपलं रॉड्रिग्स जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचं. कॉफीच्या आणि आमच्याकडच्या कदंबाच्या कुळातलं, चांदणीसारखी पांढरी फुलं येणारं कॅफे मारों मूळचं फक्त तुमच्याच बेटाचं. ते नामशेष झालं असंच सारे धरून चालले होते. मग १९८० मध्ये एका शिक्षकाने वर्गात दुर्मीळ झाडांचा विषय काढला आणि त्यांच्या विद्यार्थ्याने ते शोधून काढलं. रस्त्याच्या कडेला, बकऱ्यांनी ओरबाडलेलं, एकच झाड!

बातमी पसरली तसे लोक त्याच्या डहाळ्या तोडून नेऊ लागले. झाड औषधी, हे बेटावर पूर्वापार ठाऊक होतं. कुंपण घातलं, लोक ते ओलांडून आत आले, म्हणून आणखी कुंपण घातलं. मला त्या लोकांचा राग येत नाही. ज्यांनी त्याचं नाव आणि गुण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले, तेच जाळीबाहेर राहिले.

१९८६ मध्ये काही फांद्या विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या. तिथे कलम जगलं, फुललं, पण वर्षानुवर्षं फळ काही धरेना. अखेर २००३ मध्ये कार्लोस मॅग्दालेना या माळ्याने फुलाच्या स्त्रीकेसराचं टोक पात्याने कापून त्या कापावर पराग लावला. तेव्हा कुठे बी मिळालं आणि पुढे रोपं मायदेशी परतली. पण ही सगळी एकाच झाडाची संतती आहे. एखादी कीड किंवा एखादं वादळ राखीव जंगलातल्या मोजक्या वाफ्यांवर आलं, तर काय उरेल?

म्हणून माझी विनंती आहे, रोपवाटिकेतली रोपं शाळांना द्या, आरोग्य केंद्रांच्या आवारात लावा, मागेल त्या घराला द्या. औषधासाठी पानं हवी असतील त्याला ती आपल्याच दारात मिळू द्या. रात्री कुंपण ओलांडायची वेळ त्याच्यावर येणार नाही. बकऱ्यांपासून जपण्याची अट जरूर घाला. मूळ झाडाची राखण मात्र सैल करू नका.

शाळांपासूनच सुरुवात करावी, असं मला फार वाटतं. या झाडाची कोवळी पानं लांब, अरुंद, तपकिरी. मोठेपणी तीच रुंद आणि हिरवीगार होतात. राक्षसी कासवांच्या नजरेतून सुटावं म्हणून ही युक्ती, असं अभ्यासक मानतात. रॉड्रिग्सची ती कासवं माणसांनी मारून संपवली, पण झाड अजून त्यांना चुकवतंच आहे. हा धडा पुस्तकापेक्षा शाळेच्या अंगणात, दोन्ही पानं हातात घेऊन शिकवता येईल, आणि तोही मुलांच्या क्रिओल भाषेत. येत्या पावसाळ्यात किती शाळांना रोपं देता येतील, तेवढं जाहीर करावं.

कळावे,
महाराष्ट्रातील एक वनस्पतिप्रेमी