चेतकाला विश्रांती केव्हा?

राणा प्रतापांच्या इमानी घोड्याचे नाव ज्या हेलिकॉप्टरला लाभले, त्या 'चेतक'च्या निर्मितीसाठी भारताने १९६२ साली फ्रेंच कंपनीशी करार केला. त्याचा धाकटा भाऊ 'चीता' सत्तरीच्या दशकात बंगळूरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. १९८४ साली सियाचीनवर आपले सैन्य चढले, तेव्हापासून उत्तुंग ठाण्यांवर रसद पोचविणे आणि जखमी जवानांना खाली आणणे हे कार्य या हलक्या यंत्रांनी निष्ठेने केले आहे. त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या वारसाचा.

कोणतेही सुज्ञ सैन्य जुने साधन एका रात्रीत मोडीत काढीत नाही. नव्या यंत्रावर वैमानिक व तंत्रज्ञ तयार व्हावे लागतात, सुट्या भागांचा साठा व्हावा लागतो आणि यंत्राचे गुणदोष वापरानेच कळतात. ५ जानेवारी २०२५ रोजी तटरक्षक दलाचे 'ध्रुव' पोरबंदर येथे कोसळले, तेव्हा तिन्ही सैन्यदलांतील ध्रुव हेलिकॉप्टरेही जमिनीवर ठेवावी लागली. लष्कर व हवाई दलाच्या ध्रुवांना उड्डाणाची मोकळीक मे महिन्यात मिळाली. अशा प्रसंगी जुनी साधने हाताशी असणे किती मोलाचे, हे निराळे सांगावयास नको. नवे येत असता जुने काही काळ राहणे ही दूरदृष्टीच होय.

तथापि संक्रमण आणि चालढकल यांत महदंतर आहे. १९७ हेलिकॉप्टरांची खरेदी २००७ साली अखेरच्या क्षणी रद्द झाली. पुन्हा काढलेली निविदा २०१४ साली गुंडाळण्यात आली. २०१५ साली रशियाशी कामोव्ह हेलिकॉप्टरांचा समझोता झाला, तोही फलद्रूप झाला नाही. स्वदेशी हलके हेलिकॉप्टर २०१६ साली प्रथम आकाशात झेपावले. पण २०२१ साली मंजुरी मिळाली ती अवघ्या बारांना! आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे दोनशे हेलिकॉप्टरांसाठी सरकारने उत्पादकांकडे पुन्हा नव्याने विचारणा केली. अठरा वर्षांनी गाडे मूळ पदावर आले.

नीट निगा राखली तर जुने यंत्रही सुरक्षित असते, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. निगेने भाग नवे होतात, आराखडा नवा होत नाही. नाशिकच्या लष्करी विद्यालयात शिकून बाहेर पडणारा तरुण आपल्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे कागदावर उतरलेल्या यंत्रात बसून हिमशिखरांकडे जातो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री (२०१४-१७) असताना लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनीच ही हेलिकॉप्टरे बंद करण्याची मागणी केली होती, हे विसरता येणार नाही.

आमच्या मते उपाय सरळ आहे. स्वदेशी हेलिकॉप्टरांची मागणी बारांवर न अडविता पुरेशी व पक्की नोंदवावी. दरवर्षी किती जुनी निवृत्त होणार आणि किती नवी दाखल होणार, याचा हिशेब संसदेपुढे ठेवावा. आणि सर्वांत जुन्या यंत्रांची पर्वतीय सेवा प्रथम थांबवावी. राणा प्रतापांच्या चेतकाने धन्याला वाचवून मग प्राण सोडला. आजच्या चेतकावर धन्याचाच प्राण घेण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी दिल्लीची आहे.