हमिंगबर्डचं खरं गोत

याही आठवड्यात तो व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडे आला. जास्वंदीवर एक निळा-काळा पक्षी आणि खाली मजकूर, 'आपल्या अंगणातला हमिंगबर्ड'. तो जांभळा शिंजीर आहे, हे या स्तंभात आधीही लिहिलं आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि तिथल्या बेटांवर राहतात. आपल्याकडे त्यांची एकही जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांच्या अंगणात मात्र 'ॲनाज हमिंगबर्ड' बाराही महिने असतो. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, वजन ४-५ ग्रॅम. पाठ हिरवी. नराचा गळा आणि माथा उन्हात गुलाबी-लाल पेटतो, ऊन सरलं की काळा पडतो. मादीसमोर तो उंचावरून सूर मारतो आणि तळाशी येताच शेपटी पसरतो. तेव्हा होणारा तीव्र आवाज गळ्यातून येत नाही, शेपटीच्या पिसांतून येतो, हे क्रिस्टोफर क्लार्क आणि तेरेसा फिओ यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं.

आता शिंजीर बघा. फुलापाशी आला की तो आधी बसायला डहाळी शोधतो. क्षणभर फडफडत थांबतो, पण त्याची खरी भिस्त पायांवर. तो चिमणी-कावळ्यांच्या गणातला. लांब चोच आणि चमक ही मधाच्या नादाने दोघांना वेगवेगळी लाभली. हमिंगबर्डचा पंख खांद्यातून फिरतो आणि पुढे-मागे दोन्ही फटक्यांत अंगाचं वजन पेलतो. म्हणून तो हवेत एका जागी थांबतो, उलटाही उडतो. त्याच्या दंडाचं हाड अगदी आखूड आणि पुढचा, हाताचा भाग लांब असतो. पाय चालण्याच्या कामाचे नाहीत. आपल्याकडे अशी ठेवण कुणाची? पाकोळीची. शास्त्रज्ञ या दोघांना जवळचे नातलग मानतात, ते उगाच नव्हे.

आणि या नातलगाला आपण कसं वागवतो? जिन्याच्या छताला लाळेने चिकटवलेली पिसांची, काड्यांची घरटी रंगकामाच्या वेळी 'घाण' म्हणून बांबूने पाडतो. शहरांतल्या पाकोळ्या हटण्यामागे हे रंगकामच मोठं कारण आहे, या मतावर मी ठाम आहे.

तुमच्या सोसायटीत यंदा रंगकाम निघालं असेल, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी छताचे कोपरे बघा. घरट्यांत अंडी किंवा पिल्लं असतील, तर तेवढा भाग पिल्लं उडून जाईपर्यंत तसाच राहू द्या.