फुंकर मारलेली कॅसेट

नव्वदीतल्या बोरिवलीत ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे टीव्हीला जोडायचा स्वस्त डबा आणि पिवळी कॅसेट. अडकली की काढून फुंकर मारायची! तो डबा जपानच्या निन्टेन्डोची नक्कल आहे, हे आम्हाला कळलं खूप नंतर.

आता ऑफिसहून आल्यावर मी स्वतःच छोटे गेम बनवतो. गोडो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉप आहेच. गुरू मात्र तोच, मारिओ! 1985 चा तो अख्खा गेम जेमतेम 40 केबीचा. तुमचा ‘गुड मॉर्निंग’चा फोटोही त्याहून जड असेल. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फरक फक्त रंगाचा. माझ्या गेममध्येही एकच डबा, कधी लोकल होतो, कधी बेस्टची बस.

‘‘यातून पैसे मिळतात का रे?’’ आई विचारते. नाही गं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनाही ‘राजी’साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर पुरेसे पैसे जमले नव्हते. तरी 2020 मध्ये तो आला, तोही खऱ्याखुऱ्या निन्टेन्डोवर! माझी झेप तेवढी नाही. पण दिवसभर बॉसच्या एक्सेलमध्ये राबल्यावर रात्रीचा अर्धा तास तरी आपला हवा, काय?