सलाइनची नळी आणि घरची वाईन

द्राक्षांचे गाडे रस्त्यावर दिसू लागले की हल्ली दवाखान्यात एक नवीनच मागणी येते. "डॉक्टरसाहेब, सलाइनच्या वापरलेल्या एक-दोन नळ्या असतील तर द्या ना." मागणारी मुले चांगल्या घरची, शिकलेली. पुण्याला नोकरीस असलेल्या एखाद्या मित्राने सांगितलेले असते की, घरी वाईन करायला फारसे काही लागत नाही. एक मोठी बरणी, रबरी बूच, बुचातून काढून पाण्याच्या पेल्यात सोडलेली नळी, गाळायला मलमल, गाळ खाली बसला की वरचा नितळ रस ओढून घ्यायला आणखी एक नळी, साखर आणि बेकरीतले यीस्ट. झाले सामान!

नळी मी देत नाही. रुग्णाच्या शिरेशी जोडलेल्या नळीत रक्ताचा अंश राहू शकतो, आणि ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. त्यात रस ओढायचा म्हणजे नळीचे टोक आधी तोंडात धरायचे. दवाखान्यातील कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ साली ते नव्याने झाले. वापरलेली नळी बाहेर कोणाला देणे त्यात बसत नाही. तरीही ती भंगारात सापडते, हे आम्हा डॉक्टरमंडळींनी मान्य केले पाहिजे.

मुलांना नळी हवी असते, पण ती कशासाठी हे क्वचितच ठाऊक असते. छातीत हवा किंवा पाणी साचले तर आम्ही नळी घालून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवतो. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची आत येत नाही. बरणीवरच्या नळीचे काम हेच. एक किलो साखर पूर्ण आंबली तर जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अडीचशे लिटरांहून अधिक वायू. तो बूच ठोकलेल्या बाटलीत कसा मावणार? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक तरुण हनुवटीत आणि डोळ्याखाली काचा घुसलेल्या स्थितीत आला. सहा टाके पडले. डोळा वाचला तो नशिबाने. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली म्हणजे सुतळी बॉम्बच.

भांड्याचा विचार तर कोणी करीतच नाही. द्राक्षाचा रस आंबट असतो. आपल्या आजीला ठाऊक होते की कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवायचे नाही. कल्हई उडालेले तांबे-पितळ, जस्ताचा मुलामा दिलेली बादली, ॲल्युमिनियमचे पातेले, या सर्वांतून धातू रसात उतरतो. तांबे आणि जस्त यांनी उलट्या आणि पोटात मुरडा येतो. काच, चांगली चिनी माती किंवा स्टील एवढेच चालते. मात्र आमच्या भागात हाताशी असतो तो सोयाबीनवरच्या फवारणीचा रिकामा कॅन. तो कितीही वेळा सोड्याने धुवा, त्यात पाणीसुद्धा भरू नये.

"पण डॉक्टर, घरची म्हणजे शुद्ध ना?" हा प्रश्न हमखास येतो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असेही बोलले गेले. हिशेब करून पाहा. बारा टक्क्यांच्या वाईनच्या दीडशे मिलीच्या पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १०. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. रोज एक पेला हृदयाला चांगला, हे आम्हीही एके काळी वाचलेले. आता ते धरून बसण्यात अर्थ नाही.

एक भीती मात्र अनाठायी आहे. नुसत्या आंबवलेल्या द्राक्षरसाने कोणी आंधळे होत नाही. त्यातील मिथेनॉल अत्यल्प असते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. पण घरी वाईन जमली की पुढची हौस भट्टीची, हेही मी पाहतो.

मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून नाताळासाठी द्राक्षाची, आल्याची वाईन करण्याची जुनी रीत आहे. तेथे बरणी वेगळी ठेवलेली असते आणि म्हाताऱ्या बाईचे लक्ष असते. इथे यातले काहीच नाही. आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय घरातही दारू गाळणे-आंबवणे हा गुन्हा आहे, वाईनही त्यात आली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने सवलती दिल्या त्या परवानाधारक कारखान्यांना, आपल्या माळ्यावरच्या बरणीला नव्हे. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: हे सामान जमवूच नका. द्राक्षे धुवा आणि मुलाबाळांसह खा. मधुमेही असाल तर मोजून.

ज्यांनी आधीच बाटल्या भरून बूच लावले आहे, त्यांनी त्या हलवू नयेत आणि जवळ वाकून पाहू नयेत. चष्मा लावावा, हातांना जाड कापड गुंडाळावे. बाटलीवर ओले गोणपाट दुहेरी टाकून ती थंड होऊ द्यावी, मग तोंड बाजूला ठेवून गोणपाटाखालूनच बूच हळूहळू सैल करावे. हे काम अंगणात करावे, मुलांना घरात ठेवून. काच लागलीच तर डोळा चोळू नये, पाण्याचा मारा करू नये. डोळ्यावर दाब न देता वाटी झाकून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.